त्रेसष्ट थेंब

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डोम्निका खोटं बोलली नव्हती. भुलीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "रोज कुठली औषधं घेता?" आणि ती म्हणाली, "काही नाही, देवाची कृपा आहे."

तिच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी एक तपकिरी बाटली असायची. ते औषध आहे, असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. औषध म्हणजे डॉक्टर लिहून देतात ते. हृदयाचे थेंब कुणी लिहून देत नसे. नवरा गेला तेव्हा शेजारणीनं ते साखरेच्या खड्यावर घालून तिच्या तोंडात सारले होते. मुलगी औरिका पहिल्यांदा इटलीच्या बसमध्ये बसली, त्या दिवशी डोम्निकानं स्वतःच्या हातानं घेतले होते. गावात कुठल्याही बाईच्या छातीत धडधडलं की साखरेचा खडा आणि थेंब. किती घ्यायचे, तेही सगळ्यांना पाठ होतं. जितकी वर्षं तितके थेंब. डोम्निका त्रेसष्ट वर्षांची होती.

भुलीच्या डॉक्टर बोत्नारी पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी डोम्निकाचा एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरला.

"हा तुमचा गलगंड. आणि ही काळी पट्टी दिसते ना, ती श्वासनळी. ती सरळ खाली जायला हवी."

पट्टी सरळ जात नव्हती. मानेत शिरताच ती डावीकडे ढकलली गेली होती आणि एका ठिकाणी अगदी बारीक झाली होती.

"केवढी उरलीय?" डोम्निकानं विचारलं.

"पाच मिलिमीटर. सरबत प्यायच्या नळीएवढी. उताणं झोपता येतं का?"

"तीन उशा लागतात."

"म्हणजे येत नाही." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी डोम्निकाचं मनगट धरून घड्याळाकडे पाहिलं. "एकशे अठरा. फारच घाबरलाय तुम्ही."

"तुम्ही नसता घाबरला?"

"असते की. सकाळी तुम्हाला शांत करणारी गोळी देऊ. अर्धी."

"अर्धीच? ह्या फेवरोनियाबाईंना तर अख्खी दिली होती म्हणे."

शेजारच्या खाटेवरून सत्तरीच्या फेवरोनियानं मान डोलावली. तिचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता आणि वॉर्डातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलण्याचा हक्क आपल्याला मिळाला आहे, असं ती धरून चालली होती. "अख्खी! आणि अशी झोप लागली, की पोट कधी फाडलं पत्ताच नाही."

"फेवरोनियाबाईंची मान सरळ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं तसं नाही. मी तुमच्या नळीतून माझी नळी आत घालेपर्यंत श्वास तुमचा तुम्हालाच घ्यायचाय. जास्त शांत झालात तर श्वास घ्यायचा कंटाळा येईल. अर्ध्या गोळीनं भीती थोडी उतरेल, जाणार नाही. जाऊ द्यायचीच नाहीये."

डोम्निकानं मान हलवली. तिला ते पुरतं कळलं नव्हतं. पण एक गोष्ट तिला पक्की माहीत होती. गळ्याचे सर्जन राजधानी किशिनावहून ह्या गावात महिन्यातून एकदाच, पहिल्या गुरुवारी येत. गेल्या महिन्यात द्राक्षं तोडताना ती वाकली आणि तिचा श्वास असा अडकला, की बायकांनी टोपल्या टाकून तिला उभी धरली. मग औरिका इटलीत बोलोन्याला ज्या म्हातारीची शुश्रूषा करायची, तिच्या मुलाच्या हातापाया पडून तिनं दहा दिवसांची रजा मिळवली. त्यातले सहा दिवस तपासण्यांतच गेले होते. रविवारी दुपारी औरिकाची बस होती. उद्याचं ऑपरेशन उद्याच व्हायला हवं होतं.

रात्र तिनं बसूनच काढली. पहाटे पाचला तिचे हातपाय गार पडले. मानेवर हात ठेवला की आत काहीतरी उडत असल्यासारखं लागत होतं. काही खायचं नाही, प्यायचं नाही, असं बजावलं होतं. थेंब काही खाणं-पिणं नव्हे. साखरेचा खडा जिभेवर विरघळतो, तो गिळावाही लागत नाही. तिनं पिशवीतून बाटली काढली आणि खिडकीतल्या उजेडात ओठांनी मोजत मोजत त्रेसष्ट थेंब सोडले. खडा पिवळा पडून ढासळला.

सात वाजेपर्यंतही धडधड थांबली नाही. ट्रॉलीच्या चाकांचा आवाज बाहेरून गेला आणि ती दचकून उठून बसली.

"थेंब घेतलेस का?" फेवरोनिया कुजबुजली.

"पाचलाच घेतले."

"पाचचे आता कुठले उरायला! आणि ते घरच्या साध्या दिवसाचं माप झालं. आज गळा कापायचाय तुझा, साधा दिवस आहे का?" फेवरोनियानं आपल्या उशीखालची बाटली काढली. "माझे चांगले ताजे आहेत. आ कर."

डोम्निकानं आ केला आणि फेवरोनियानं तिच्या जिभेवर त्रेसष्ट थेंब मोजून सोडले. पुदिना आणि वॅलेरियनच्या मुळीचा उग्र, ओळखीचा वास नाकात चढला. पण तो वास त्या वॉर्डाला कायमचाच होता. सहा खाटा, सहा बायका, सहा बाटल्या. म्हणून सात चाळीसला सिस्टर लूबा आत आली तेव्हा तिनं नाकही मुरडलं नाही.

"चला डोम्निकामावशी, ही तुमची अर्धी गोळी. एकच घोट पाणी. जीभ दाखवा. शाब्बास."

गोळी कडवट होती. ती घशातल्या अरुंद वाटेनं खाली गेल्याचं डोम्निकाला जाणवलं.

"आता खाटेवरून उठायचं नाही," लूबा पाण्याचा पेला उचलत म्हणाली. "उशा काढायच्या नाहीत. आणि ह्याच्यावर ते तुमचे थेंब-बिंब अजिबात नकोत हं. गेल्या हिवाळ्यात एका आजीबाईंनी गुपचूप घेतले होते. टेबलावर गेल्या आणि श्वासच बंद. दोन तास हवेची पिशवी दाबून दाबून बोटांना गोळे आले माझ्या."

"मग?" डोम्निकानं विचारलं.

"मग काय, आहेत अजून ठणठणीत. मान चांगली होती त्यांची, नळी पहिल्या झटक्यात गेली. नशीब एकेकाचं!" लूबा हसली आणि पुढच्या वॉर्डाकडे निघून गेली.

डोम्निकानं फेवरोनियाकडे पाहिलं. फेवरोनियानं बाटली हळूच उशीच्या अभ्र्यात सारली होती.

"माझं नाव घेऊ नकोस हं, बाई," ती म्हणाली. "मी आपलं चांगल्यासाठी केलं." आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

त्रेसष्ट आणि त्रेसष्ट. वर अर्धी गोळी. मान वाकडी, नळी पाच मिलिमीटर. श्वास बंद पडला तर आत नळी घालायला वाटच नाही. हा हिशेब करायला डॉक्टर व्हावं लागत नव्हतं. तिनं दोन बोटं तोंडात घालून पाहिली. ओकारी आली, पण बाहेर काही आलं नाही. मान तेवढी आतून आवळली गेली आणि तिनं घाबरून हात काढला.

सिस्टरला हाक मारायची, एवढंच करायचं होतं. पण हाक मारली की काय होणार, हेही तिला दिसत होतं. ऑपरेशन रद्द. सर्जन संध्याकाळी किशिनावला परत. औरिका रविवारी बसमध्ये. मग पुढचे पाच आठवडे एकटीनं तीन उशांवर बसून काढायचे, आणि एखाद्या पहाटे स्वयंपाकघरात श्वास अडकला तर टोपली टाकून धावणारं कुणी नाही.

औरिका दारात आली. चौतिशीची, आईसारखीच रुंद खांद्यांची, इटलीत शिवलेला चांगला कोट घातलेली. सिस्टरनं तिला पाच मिनिटं दिली होती.

"घेतलीस गोळी? बरं वाटतंय ना?"

"दार लाव," डोम्निका म्हणाली. "इकडे ये. जवळ ये." आणि तिनं सगळं सांगितलं. पाचचे, सातचे, सिस्टर काय म्हणाली ते.

औरिकाचा चेहरा उतरला. त्यावरूनच डोम्निकाला समजलं, की ह्या पोरीला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

"काय असतं गं त्यात?"

"पुदिना असतो."

"औरिका."

"झोपेचं औषध असतं," औरिका हलक्या आवाजात म्हणाली. "तिकडे ते दुकानात ठेवतच नाहीत. मी एकदा मागितले तर दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विषच मागतेय. पण आई, तू वर्षानुवर्षं घेतेयस, तुला सवय आहे. आणि पाचचे तर आता उतरलेही असतील."

"सांगू का मी त्यांना?"

औरिकानं दाराकडे पाहिलं. मग खाली, स्वतःच्या बुटांकडे. "सांगितलंस तर घरी पाठवतील. पुढच्या महिन्यात मला सोडणार नाहीत आई. त्यांनी दुसरी बाई बघूनही ठेवलीय, मी रविवारी निघाले नाही तर... आज एकदा होऊन जाऊ दे ना. डॉक्टरीणबाई हुशार आहेत. नको सांगूस."

"मेले तर?"

"असलं काहीतरी बोलू नकोस!" औरिकानं तिचा हात घट्ट दाबला. मग सिस्टर लूबानं बाहेरून दार ठोठावलं आणि औरिका गेली.

घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. आणि त्याच सुमारास डोम्निकाला ते येताना जाणवलं.

आधी बोटांत ऊब आली. मग खांदे खाली सैलावले. इतके दिवस ते कानांपर्यंत ओढलेले होते हे ते खाली आल्यावरच तिला कळलं. छातीतली धडधड लांब गेली, शेजारच्या घरात कुणी कपडे बडवावेत तितकी लांब. खिडकीबाहेर अक्रोडाच्या झाडाची पानं पिवळी झाली होती. किती छान पिवळी होती. औरिका म्हणते ते बरोबरच असेल. डॉक्टरीणबाई हुशार आहेत.

आणि तिच्या आत कुठेतरी एक जाणीव झाली. हे बरोबर असेल, असं मला आत्ता वाटतंय. दहा मिनिटांपूर्वी वाटत नव्हतं. थेंब तेच, गोळी तीच, मानही तीच. बदलली आहे ती फक्त माझी भीती. ती जातेय. ती पूर्ण गेली की मी कुणाला काही सांगणार नाही, कारण सांगावंसंच वाटणार नाही.

ह्या विचारानं तिला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नव्हती. पण ती भीतीसुद्धा हातात धरलेल्या बर्फासारखी होती. घट्ट धरावी तर जास्तच वितळत होती. ती मनात म्हणत राहिली, थेंब घेतलेत, थेंब घेतलेत. चार-पाच वेळा म्हटलं आणि मग पानांकडे बघण्यात ते राहून गेलं.

साडेआठला तिला ट्रॉलीवर घेतलं. ट्रॉलीची डोक्याकडची बाजू वर होत नव्हती, म्हणून पाठीशी दोन उशा दिल्या. तिला तीन लागत होत्या. कॉरिडॉरमधून जाताना औरिका बाजूनं चालत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि आपली मुलगी एवढी का घाबरली आहे, ह्याचं डोम्निकाला क्षणभर नवलच वाटलं.

"झोपू नको हं, आई," औरिका म्हणाली. "आई, ऐकतेस ना? डोळे उघडे ठेव."

"हो गं," डोम्निका म्हणाली. जीभ जड झाली होती.

दार मागे मिटलं. आत गारठा होता, मोठा दिवा होता आणि हिरव्या टोपीखाली डॉक्टर बोत्नारींचा चेहरा. त्यांनी डोम्निकाच्या बोटाला चिमटा लावला. यंत्र टिकटिक करू लागलं.

"काय डोम्निकाबाई, भीती कशी आहे?"

"गेली."

डॉक्टर थांबल्या. "गेली? अर्ध्या गोळीनं?"

उत्तर जिभेवर तयार होतं. चांगली आहे तुमची गोळी. ते इतकं सोपं होतं, की ते बोलायला काहीच लागलं नसतं. डोम्निकानं ते बोलण्यासाठी तोंड उघडलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की बोलायला छातीत हवाच नाही. मघाशी कधीतरी तिनं श्वास सोडला होता. पुढचा घेतला नव्हता. गुदमरत नव्हतं, दुखत नव्हतं. घ्यावासा वाटत नव्हता, एवढंच. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसा खरोखरच कंटाळा आला होता.

खोल विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा तिनं तो श्वास ओढला. मानेत शिट्टी वाजली.

"थेंब," ती म्हणाली.

"काय?"

"त्रेसष्ट. आणि... पुन्हा त्रेसष्ट."

डॉक्टर बोत्नारींनी पुढे काहीच विचारलं नाही. त्यांचीही आई ह्याच मातीतली असणार. "बसवा!" त्या ओरडल्या. "लूबा, पाठीला हात घाल, ताठ बसवा तिला. ऑक्सिजन. सर्जनना सांगा आज काही नाही. डोम्निकाबाई, माझ्याकडे बघा. डोळे मिटायचे नाहीत. श्वास घ्या. मी सांगितलं म्हणून घ्या. आता. पुन्हा."

दंडात सुई गेली. डॉक्टरांचा आवाज कानाशी होता. "गोळीवर उतारा आहे माझ्याकडे, तो दिलाय. तुमच्या त्या थेंबांवर नाही. ते अंगातून जायला दिवस लागतात. तोवर काम तुमचं तुम्हालाच करायचंय. घ्या."

गोळीचा अंमल उतरला तसे दिव्याचे कोपरे टोकदार झाले. हातपाय पुन्हा गार पडले, दात वाजू लागले. इतक्या वेळाची भीती सगळी एकदम परत आली आणि डोम्निका मास्कच्या आत रडू लागली. पण पापण्या अजून ओढत होत्या. थेंब होतेच.

तिला वॉर्डात नेलं नाही. ऑपरेशन खोलीशेजारच्या छोट्या खोलीत ताठ बसवून ठेवलं आणि औरिकाला आत बोलावलं. डॉक्टर बोत्नारींनी टोपी काढली होती. त्यांचे केस घामानं कपाळाला चिकटले होते.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी औरिकाला विचारलं.

"तिला नव्हतं माहीत," डोम्निका मास्कमधून म्हणाली.

"होतं," औरिका म्हणाली. "मीच म्हणाले सांगू नकोस."

डॉक्टरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. डोम्निकाला वाटलं, आता ही बाई माझ्या पोरीला काहीतरी असं बोलेल, की ते जन्मभर तिच्या काळजात राहील. पण डॉक्टरांनी फक्त एक स्टूल पायानं पुढे सरकवलं.

"बसा. ते यंत्र ऑक्सिजन दाखवतं, पण फार उशिरा बोंबलतं. म्हणून तुम्ही मोजायचं. छातीवर नजर ठेवा आणि दर मिनिटाला किती श्वास होतात ते मोठ्यानं म्हणा. आठच्या खाली गेले तर हलवा तिला आणि मला हाक मारा. संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. मी दाराबाहेर आहे."

"आणि ऑपरेशन?"

"पुढच्या गुरुवारी. म्हणजे सर्जनच्या पुढच्या गुरुवारी, पाच आठवड्यांनी. तेव्हा मी हिला अर्धीसुद्धा देणार नाही."

दार लागलं. औरिकानं कोट काढून मांडीवर घेतला, मनगटावरचं घड्याळ सोडून तळहातात धरलं.

"एक," ती म्हणाली. "दोन."

पहिल्या मिनिटाला अकरा झाले. दुसऱ्याला दहा. भिंतीवर ऊन सरकत होतं. औरिकाची मान पुढे झुकली होती, तिचे डोळे आईच्या छातीवरून हलत नव्हते. डोम्निकाला इतक्या वर्षांत आपल्याकडे कुणी इतकं निरखून पाहिल्याचं आठवत नव्हतं.

"रविवारी तू जा," ती मास्कमधून म्हणाली.

"बोलू नकोस. मोजायचं चुकतं." औरिकाचा आवाज चिरका झाला होता. "चार."

"ती दुसरी बाई..."

"आई, गप्प बस म्हटलं ना. पाच. तिला ठेवू देत. सहा."

मग पुढचा आकडा आला नाही. डोम्निकाच्या पापण्या मिटत होत्या, आणि औरिकानं श्वास रोखून तिच्याकडे पाहिलेलं तिला त्या मिटत्या पापण्यांतून दिसलं. मुलीचा चेहरा भीतीनं राखेसारखा झाला होता. घड्याळाचा काटा पुढे जात होता. औरिकाचं तोंड उघडलं होतं आणि त्यातून शब्द निघत नव्हता.

डोम्निकाला स्वतःसाठी तो श्वास नकोच होता. तिनं खांदे उचलले, मान ताणली, त्या सरबताच्या नळीएवढ्या वाटेनं हवा आत ओढली.

"सात," औरिका म्हणाली.